मदत हवी आहे: ‘राजाच्या वाड्यावर पहारा’ देणारे आजोबा कुठल्या फिल्ममध्ये सापडतील?

रानजाई

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, आधीच सांगते.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच गेले. घरात त्यांची एक पत्र्याची पेटी, तीन पदकं आणि एक गोष्ट एवढंच उरलंय. पेटी गंजली, पदकांच्या रिबिनी उंदरांनी खाल्ल्या, गोष्ट तेवढी शाबूत आहे.

गोष्ट अशी की लढाई संपली तरी आजोबा घरी आले नाहीत. पुढे वर्षदीड वर्ष बाहेरच होते. त्या काळात आजी माझ्या आत्याला घेऊन बेळगावला गेली होती. आजीचा भाऊ तिथे पलटणीच्या लंगरात कामाला होता. एका रात्री मैदानावर दोन बांबूंना चादर बांधून सिनेमा दाखवला, आणि त्यात आजोबा दिसले! ‘राजाच्या वाड्यावर पहारा देत होते, आणि बोलले,’ असं आमच्याकडे सांगतात. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची, आता चौऱ्याऐंशीची. तिला आठवतं ते असं, की वाऱ्याने चादर फुगली की वडलांचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं व्हायचं आणि ती घाबरून आजीच्या कडेवर चढली.

मागच्या महिन्यात यूट्यूबवर ‘कॉलिंग ब्लायटी’ नावाच्या फिल्म दिसल्या. गोरे सोल्जर एकेक करून कॅमेऱ्यासमोर येतात, ‘हॅलो मम’ म्हणतात, लाजतात, मागचा ढोसतो, पुढचा येतो. माहितीत लिहिलं होतं की यातल्या बऱ्याच मुंबईत चित्रित झाल्यात. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आजोबांनीही असाच निरोप दिला असेल का? तो कुठे असेल? कुणाला विचारायचं? एका सरकारी कचेरीला दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

क्रॉसफेड

कॉलिंग ब्लायटी थोडी जवळून पाहिली आहे, म्हणून लिहितो.

या फिल्म १९४४ ते ४६ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या ब्रिटिश शिपायांसाठी केल्या. हे लोक तीन-तीन, चार-चार वर्षं घरी गेले नव्हते, स्वतःला ‘विसरलेली फौज’ म्हणवून घ्यायचे. एकाच शहरातले वीस-पंचवीस जण गोळा करायचे, प्रत्येकाला काही सेकंद द्यायचे आणि ते रीळ त्या शहराच्या थिएटरात घरच्यांना बोलावून दाखवायचं. जवळजवळ ४०० भाग झाले, त्यातले साठेक उरले. मँचेस्टरच्या नॉर्थ वेस्ट फिल्म आर्काइव्हने त्यावर बरंच काम केलंय, पडद्यावरच्या माणसांची घरं हुडकून पुन्हा खेळही लावले.

तर मुंबईत झाल्या हे खरं, पण त्यांत बोलणारे आणि ऐकणारे दोघेही साहेब. तुमच्या आजोबांना त्या रिळात शोधू नका, वेळ जाईल. निरोप की बातमीपट, हेही नंतर बघू. आधी पलटण कुठली ते काढा. मराठ्यांच्या बटालियनी एका वेळी चार दिशांना होत्या. कुणी इटलीत, कुणी इंफाळकडे, कुणी तोब्रुकला कैद झालेले. पदकं नीट बघा. आपल्याकडच्या शिपायांच्या पदकांवर सहसा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, कडेवर किंवा मागे. ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर त्याच्यावरच मोहिमेचं नाव असतं, रिबीन नसली तरी चालतं. आणि ब्रासो अजिबात लावू नका!

पाटणचा पाव्हणा

सोपं आहे की. राजाचा वाडा म्हणजे लंडन. ८ जून १९४६ ला लंडनला विजयसंचलन झालं, त्यात हिंदी फौजेची तुकडी होती. ब्रिटिश पाथेचं यूट्यूब चॅनल आहे, हजारो जुने बातमीपट फुकट टाकलेत. तिथे बघा. निघाले तर पेढे सातारचेच पाहिजेत.

रानजाई

पाव्हणं, पाथे आधीच चाळून झालं. संचलनात शेकडो माणसं आहेत आणि सगळी पुढे बघत भराभर निघून जातात. आजोबांचा एकच फोटो आहे, तोही लग्नातला मुंडावळ्यांसकट. ओळखू कशी?

पदकं काढली. दोन तारे आणि एक गोल. एका ताऱ्यावर ‘इटली’ स्पष्ट वाचता येतंय, दुसरा १९३९-४५ चा. आफ्रिका नाही, बर्मा नाही. मागे नंबर आहे, नाव अर्धं झिजलंय. आत्याला फोन केला. ती म्हणाली, ‘पलटण काय माहीत नाही बाई, पण जंगी होती. आई नेहमी जंगी पलटण म्हणायची.’ म्हणजे मोठी, दांडगी असं असेल.

सुभेदाराची नात

अगं थांब थांब. जंगी हे विशेषण नव्हे, नाव आहे! मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटण, आजही तेच म्हणतात. तशीच दुसरी म्हणजे काली पाँचवी. आमच्या घरी तीन पिढ्या बेळगावला गेल्या, त्यामुळे हे शब्द मला लहानपणी बाराखडीच्या आधी आले. ‘कुठली?’ असं कुणी विचारलं की आमचे आजोबा फक्त ‘जंगी’ म्हणायचे, पुढे काही नाही.

तेव्हाच्या कागदांवर ती १/५ अशी दिसेल, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन. इटलीत ती आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच पलटणीचे. (यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, लोक दोघांची गल्लत करतात.) तुझा इटलीचा तारा बरोबर जुळतोय.

आता वाड्याचं. लंडन बाजूला ठेव. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सजवळ माँतेगुफोनी नावाच्या गढीत आठव्या डिव्हिजनचे मराठे जाऊन पोचले. आत उफिझी संग्रहालयाची चित्रं लढाईपासून लपवून ठेवलेली होती, बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’सुद्धा. गणपत मंडळींनी त्यांच्यावर पहारा दिला. (मराठा शिपायाला पलटणीत गणपतच म्हणतात, चिडू नकोस.) वाडा म्हणजे तो असू शकेल.

क्रॉसफेड

जंगी म्हटल्यावर चित्रच बदललं. पण माझ्या मते ताई एक वाडा विसरल्या.

इटली संपल्यावर १/५ मराठा जपानला गेली. जपानवर ताबा ठेवायला राष्ट्रकुलाची जी फौज होती, बीसीओएफ, तिच्यात आपली २६८ वी ब्रिगेड होती. त्यात तीन पलटणी: १/५ मराठा, ५/१ पंजाब आणि २/५ गुरखा. १९४६ मध्ये गेल्या, १९४७ मध्ये परत आल्या. मुक्काम पश्चिम जपानात. आणि टोकियोतल्या बादशाही राजवाड्यावर पहाऱ्याची पाळी या राष्ट्रकुलाच्या फौजेलाही मिळायची, त्यात हिंदी शिपाई होते.

‘लढाई संपली तरी वर्षदीड वर्ष घरी आले नाहीत’ हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. माँतेगुफोनी लढाई चालू असतानाचं, तेही थोड्या दिवसांचं. लंडनचं संचलन काही दिवसांचं. दीड वर्ष खाणारी जागा एकच, जपान.

आत्याबाईंना एवढंच विचारा: वाड्याभोवती पाणी होतं का? तुम्हीच काय ते आधी सांगून ठेवू नका, त्यांना सांगू द्या.

रानजाई

विचारलं. अगदी सरळ विचारलं, ‘वाडा कसा होता?’ म्हणाली, ‘वाडा कुठं दिसतोय, नुसतं पाणी आणि पूल. पुलावर बाबा. मला वाटलं कोयनेवरच उभे आहेत.’

माझ्या हातावर काटा आला.

पाटणचा पाव्हणा

लंडन मागे घेतो. पेढ्यांवरचा हक्क सोडत नाही.

क्रॉसफेड

आता कुठे शोधायचं ते सांगतो. थोडं वाकडं आहे.

युद्धकाळात सरकारचा ‘इंडियन न्यूज परेड’ हा बातमीपट होता, १९४३ पासून. सिनेमागृहांना तो दाखवणं सक्तीचं होतं. पण तो विभाग १९४६ मध्ये बंद केला. नंतर फिल्म्स डिव्हिजन आली ती १९४८ मध्ये. तुमचे आजोबा जपानला होते ते नेमके या दोन्हींच्या मधल्या फटीत. म्हणून मुंबई-पुण्यात आधी हात मारण्यात अर्थ नाही. शिवाय ते सगळं नायट्रेट फिल्मवर. नायट्रेट आपोआप कुजतं, चिकट होतं, रिळाचा डबा उघडला की मळक्या मोज्यांसारखा उग्र वास येतो, आणि पेटलं तर पाण्यानेही विझत नाही. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागून कित्येक जुने चित्रपट गेले.

बीसीओएफचे सरसेनापती मात्र ऑस्ट्रेलियन होते, म्हणून कागद, फोटो, चित्रफिती मोठ्या प्रमाणात कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत. त्यांची सूची ऑनलाइन बघता येते. दुसरी जागा लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम.

सर्वांत महत्त्वाचं: शोधताना ‘मराठा’ आजच्या स्पेलिंगने टाकाल तर हाती काही लागणार नाही. तेव्हा एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं लिहायचे, मध्ये एच आणि दोन टी. मी स्वतः या एका एचपायी तीन महिने घालवलेत. ‘ब्रिंडिव्ह’ हाही शब्द टाका, ब्रिटिश-हिंदी डिव्हिजनचं ते लघुनाव. सूचीत रिळाबरोबर ‘डोप शीट’ आहे का तेही विचारा. कॅमेरामन चित्रीकरणानंतर कोण, कुठे, काय हे त्या कागदावर खरडून पाठवायचा, कधी कधी त्यात शिपायाचं नाव-नंबरही असतं. नंबर तुमच्याकडे आहेच.

आणि थोडं वाईट बोलतो. ते ‘बोलले’ याची आशा फार धरू नका. बातमीपटाचं चित्रीकरण बहुधा मुकं असायचं. आवाज नंतर स्टुडिओत, तोही निवेदकाचा.

सुभेदाराची नात

आवाजाबद्दल एक. त्या काळी घरच्यांपर्यंत मराठी बोल पोचायचे ते रेडिओवरून. बीबीसीची मराठी सेवा १ मार्च १९४२ ला सुरू झाली होती, १९५८ पर्यंत चालली. शिरोळच्या वेणू चितळे तिथे होत्या, जॉर्ज ऑरवेलच्या बरोबरीने काम करत. पण खेड्यात रेडिओ कुठला! चावडीवर एखादा असला तर असला.

पत्रांचं बघायचं असेल तर ब्रिटिश लायब्ररीत सेन्सॉरचे अहवाल आहेत. शिपायांच्या पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून साहेबाला पाठवत. नावं बहुतेक गाळलेली असतात, पण वाचताना घरचंच कुणी बोलतंय असं वाटतं. पाऊस पडला का, कर्ज फिटलं का, धाकट्याला शाळेत घातलं का.

आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला सैन्यसेवेचा तपशील मागताना पदकावरचा नंबर, गाव, तालुका आणि तुझं नातं सिद्ध करणारा कागद जोड. नुसत्या नावावर कुणी हलत नाही. आमच्याकडे एकाच गावचे, एकाच नावाचे सात जण निघाले होते.

रानजाई

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत वगैरे लिहिणार नाही, पण खरंच. कॅनबेराला नंबर, पलटण, टोकियो, पूल असं सगळं लिहून काल मेल केली. उत्तर आलं की इथेच टाकते. बेळगावचा अर्ज नवरा उद्या रजिस्टर पोस्टाने टाकेल.

क्रॉसफेड, तुमचं ते मुकं चित्रीकरणाचं वाचून थोडी हिरमुसले होते. रविवारी गावी गेले तेव्हा आत्याला समोर बसवून विचारलं, आजोबा नक्की काय बोलले गं? ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘ते कुठं बोलले? तिथं एक बाप्या इंग्रजीत बडबडत होता. बोलली आई.’

मग तिने ते म्हणून दाखवलं. आजी चादरीसमोर, सगळ्या पलटणीच्या बायकांत, डोक्यावरचा पदर पुढे ओढून हळूच म्हणाली होती, ‘अवं, म्हस याली बरं का. रेडी झाली.’

शेजारच्या बाया हसल्या म्हणे. तोवर पूल जाऊन दुसरंच काही सुरू झालं होतं.

क्रॉसफेड, कॅनबेराहून फीत मिळाली तर ती मोबाइलवर न दाखवता मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे. आमच्या अंगणात चादर बांधली तर भाड्याचा कुठला प्रोजेक्टर पुरेल? आत्याला डाव्या डोळ्याने कमी दिसतं.