लांडग्यापासून मेंढरं राखायला कुत्रं कसं तयार करावं?

प्रश्न: सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाला ४० मेंढ्या आहेत. लांडगा कोकरं उचलतोय. राखणीला पिल्लू कितव्या महिन्यात आणावं?

उत्तर १: ८ आठवड्यांचं आणा आणि थेट वाघरीजवळ (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणाजवळ), जाळीआड कोकरांशेजारी ठेवा. खाणंपिणं तिथंच. घरात लाडावलं की दाराशीच झोपतं! सहाव्या महिन्याच्या आसपास खेळात कोकरांचे कान चावतं. तेव्हा लगेच दटावा, लांब दोरीला बांधा. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत एकट्यावर भिस्त नको.

उत्तर २: शक्यतो जोडी ठेवा. लांडगा नरडं धरतो, म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा हवाच. रेबीजची लस ३ महिन्यांनंतर, डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाचीही द्या. डिस्टेंपर कुत्र्यांकडून लांडग्यांना जातो.

उत्तर ३: लांडग्याला विष अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं लांडगा संरक्षित आहे, शिवाय आधी आपलंच कुत्रं मरतं. लांडग्यानं मेंढरू मारलं तर भरपाईसाठी वनखात्याच्या पंचनाम्याआधी मढं हलवू नका.