मदत हवी आहे : मामाआजोबांचं १९४२ चं लॉगबुक, ताकोराडी ते कराची

नमस्कार मंडळी, आईचे मामा दुसऱ्या महायुद्धात एअरफोर्समध्ये पायलट होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांचं लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) सापडलंय. १९४२ च्या एका पानावर विमान हरिकेन (एका पायलटचं लढाऊ विमान), ड्यूटीच्या रकान्यात नुसतं 'फेरी' (ferry, म्हणजे विमान एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवणं) आणि खाली ओळीने गावं: ताकोराडी, लागोस, कानो, मैदुगुरी, फोर्ट लामी, जेनिना, एल फाशर, खार्टूम, वादी हाल्फा, कैरो. पुढच्या पानावर हब्बानिया, शैबा, बहारीन, शारजा, जिवानी, कराची! घरात सगळ्यांना 'मामा आफ्रिकेत होते' एवढंच माहीत.

थोडं वाचलं तर कळलं की भूमध्य समुद्रातून माल नेणं धोक्याचं म्हणून विमानं खोक्यांत भरून बोटीने ताकोराडीला (आताचं घाना) यायची, तिथे जोडायची आणि उडवत कैरोला. हरिकेनमध्ये पायलट एकटाच, म्हणून पुढे रस्ता दाखवायला ब्लेनहाइम हे बॉम्बर विमान असायचं. ते चुकलं तर खाली नुसतं वाळवंट, विचार करूनच पोटात गोळा येतो.

आता प्रश्न. कैरोला विमान दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे की तोच पायलट कराचीपर्यंत आणायचा? विमानाचा नंबर पुसट झालाय, दोन इंग्रजी अक्षरं नीट दिसतात पण शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाही, तर तारखेवरून शोधता येतो का? आणि भारतीय पायलटांचे सर्व्हिस रेकॉर्ड दिल्लीत मागायचे की लंडनला? लंडनमधल्या क्यू (Kew) इथल्या नॅशनल अर्काइव्हजमधून कोणी असे कागद मागवले असतील तर प्लीज सांगा, पानांचे फोटो मेसेजमध्ये पाठवते.