मदत हवी आहे: बॉक्स-अँड-वन लावलं की मधली जागा उघडी पडते

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळच्या एका शाळेत १७ वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ बघते. जिल्हास्तरीय स्पर्धा तोंडावर आली आहे. समोरच्या संघात एक गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारी) आहे, निम्म्याहून जास्त गुण तिचेच. मॅन-टू-मॅन (एकीमागे एक) खेळलो तर चुकवून आत घुसते, २-३ झोन (दोघी पुढे, तिघी मागे, आपापली जागा राखत) लावला तर लांबून मारते. म्हणून बॉक्स-अँड-वन बसवायला घेतलंय. आमची सगळ्यात दमदार मुलगी तिला गोचिडीसारखी चिकटते, बाकी चौघी पेंटभोवती (बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्याभोवती) चौकोनात.

अडतं ते पुढे. फ्री थ्रो लाइनच्या मध्यावर चेंडू गेला की चौकोनातल्या वरच्या दोघी एकदम धावतात आणि दोन्ही विंग (बाजूच्या जागा) मोकळ्या. शिवाय ती गार्ड स्वतःच स्क्रीन लावायला (आमच्या मुलीची वाट अडवून उभी राहायला) आली की आमच्या मुली गोंधळतात. कुणी कुणाला धरायचं ते आपसात बदलायचं की नाही?

बाहेरच्या कोर्टावर शेवाळ धरलंय, सराव सभागृहात बाकं सरकवून चालतो. तेव्हा फुल कोर्ट प्रेस (अख्ख्या कोर्टभर दबाव) कृपया सुचवू नका. त्यांची दुसरी शूटर बरी आहे (नुसती बरी, भारी नाही). ट्रायंगल-अँड-टू (दोघी त्या दोघींना चिकटून, बाकी तिघी त्रिकोणात) करू का?

प्रतिसाद १:
ताई, ट्रायंगल नको. तिघींवर अख्खा पेंट पडेल. दुसरी नुसती बरी असेल तर मारू दे की तिला! मधल्या चेंडूवर कोण जाणार ते आधीच ठरवा, समजा वरची डावी. उजवीने जागा सोडायची नाही. आणि बदलायचं अजिबात नाही: गार्ड स्क्रीन लावो नाहीतर पाणी प्यायला जावो, पाठलाग करणारी तिच्याबरोबरच.
हा डाव जुगारच आहे म्हणा. २०१९च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनलच्या दुसऱ्या सामन्यात टोरंटोने वॉरियर्सच्या करीवर हेच लावलं, व्हॅनव्हलीटला त्याच्या मागे लावून. वॉरियर्सचा ड्युरंट नव्हताच, त्यांचा क्ले थॉम्पसनही दुखापतीने बाहेर गेलेला, म्हणून परवडलं. तरी शेवटी त्यांच्याच मोकळ्या सुटलेल्या इग्वाडालाने थ्री (तीन गुणांचा शॉट) टाकला आणि वॉरियर्स १०९-१०४ जिंकले.

प्रतिसाद २:
एनबीएचे व्हिडिओ दाखवत असाल तर एक सांगून ठेवा: बचावातला तीन सेकंदांचा नियम (बचाव करणाऱ्याने कुणाला न धरता पेंटमध्ये त्याहून जास्त थांबायचं नाही) तिकडचा, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत नाही. तुमची उंच मुलगी पेंटमध्ये ठाण मांडून बसू शकते. पाठलाग करणारीचे फाउल मात्र लवकर भरतात, पाचव्याला ती बाहेर. तिच्या जागी दुसरी तयार आहे का?