आईची शुगरची एक गोळी महिन्याला 1,800ची, तीच मावशीला 300ला कशी?

डिचोलीची_लेक
नमस्कार, जरा गोंधळ झालाय म्हणून विचारते. आईला शुगर आहे आणि हार्टचंही थोडं आहे, डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन 10 रोज सकाळी एक अशी दिलीय. आमच्या इथल्या फार्मसीत 10 गोळ्यांची स्ट्रिप जवळजवळ 600ला, म्हणजे महिन्याच्या तीन स्ट्रिप 1,800, बाकीच्या गोळ्या वेगळ्याच. परवा म्हापशाची मावशी आली, तिचीही हीच गोळी, पण तिला महिन्याचे 300 पडतात म्हणाली. आता ती स्वस्तातली खरी का ही आमची? आणि काल कळलं की आई गेला महिनाभर एक दिवसाआड घेत होती, पैसे वाचावेत म्हणून, मला न सांगता. ऐकून रडू आलं.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
ताई, पहिलं म्हणजे एक दिवसाआड घेणं बंद करा आणि हे झालंय ते डॉक्टरांना सांगा, नाहीतर पुढच्या रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली दिसली की ते डोस वाढवतील.
गोळ्या दोन्ही खऱ्याच. तुमची बहुतेक मूळ कंपनीची असणार, जार्डियन्स. तिचं पेटंट 11 मार्च 2025ला संपलं, तोपर्यंत त्या कंपनीच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला ती इथे विकता येत नव्हती म्हणून गोळी 60च्या आसपास. पेटंट संपलं तसे आपल्याकडच्या किती कंपन्या उतरल्या, काहींची गोळी 10 रुपयांच्याही खाली. औषध तेच, नाव वेगळं. म्हणून स्ट्रिपचा भाव धरून बसू नका, एका गोळीचा भाव काढा आणि 30ने गुणा. काही कंपन्यांची स्ट्रिप 10ची नसते, त्यात माणसं हमखास फसतात.
पण चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर आम्ही आमच्या मनाने दुसरी कंपनी देऊ शकत नाही, कायद्यातच नाही ते. त्यामुळे काउंटरवर भांडून उपयोग नाही, डॉक्टरांना म्हणा औषधाचं नाव लिहा किंवा स्वस्तातला ब्रँड लिहा. बहुतेक जण लिहितात, आपण विचारतच नाही.

पेडणेकर_74
मावशीची स्ट्रिप आणि आईची शेजारी ठेवून नीट वाचा. याच औषधात मेटफॉर्मिन किंवा लिनाग्लिप्टिन ही शुगरचीच दुसरी औषधं मिसळलेल्या गोळ्याही येतात, नावं अगदी सारखी, पुढे एखादं अक्षर जास्त. माझ्या वहिनीला तशी दिली गेली आणि मेटफॉर्मिन दोनदा पोटात गेलं, आठवडाभर पोट बिघडलेलं.
आणि 22 सप्टेंबर 2025पासून औषधांवरचा जीएसटी 12चा 5 टक्के झालाय, 1,800च्या बिलात शंभरेक रुपयांचा फरक पडायला हवा, बिल मागून बघा. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड या रोजच्या गोळ्यांना चालत नाही, ते ॲडमिट झाल्यावरचं. आईला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला किंवा जिल्हा हॉस्पिटलला दाखवत असाल तर तिथल्या औषधांच्या खिडकीवर आधी विचारा, तिथे असेल तर विकत कशाला घ्यायची. जनऔषधी केंद्रालाही एक फोन करा.

डिचोलीची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. काल जाऊन आले. डॉक्टर म्हणाले आधी का नाही बोललात, आणि लगेच दुसरी लिहून दिली, नुसती एम्पाग्लिफ्लोझिन, मिसळलेली नाही, दोनदा वाचून घेतलं. 30 गोळ्यांचे 327 झाले. एक दिवसाआडचंही सांगितलं, महिन्याने परत रिपोर्ट करायला सांगितलाय. आईला बिल दाखवलं तर आधी विश्वासच बसेना, मग चष्मा लावून स्वतः वाचलं. आज सकाळी माझ्यासमोर घेतली गोळी.

फोंड्याचा_फार्मासिस्ट
छान झालं. पाणी भरपूर प्यायला सांगा त्यांना, या गोळीने साखर लघवीवाटे जाते. तिथे खाज वगैरे आली तर लाजून गप्प राहू देऊ नका.