मदत हवी आहे: नववीच्या मुलीला त्वरणाचं चिन्ह कसं समजवू?

नमस्कार मंडळी, मुलगी नववीला आहे, स्टेट बोर्ड, आणि गतीचे नियम या धड्यात अडकलीये. अंतर-विस्थापन, चाल-वेग हे तिला व्यवस्थित कळलंय, प्रॉब्लेम आहे तो त्वरणाचा, म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो त्याचा. गणित असं की बॉल सरळ वर फेकला 19.6 मी/से वेगाने, 2 सेकंदात टॉपला पोचतो, 19.6 मीटर उंची, आणि 4 सेकंदांनी परत हातात. टॉपला वेग शून्य हे तिला पटतं पण त्याच क्षणी त्वरण 9.8 कसं, हे काही केल्या पटत नाही. मी म्हटलं अगं तेही शून्य असतं तर बॉल तिथेच लटकून राहिला असता ना, तेवढ्यापुरतं पटलं, पण लगेच पुढचा प्रश्न, की वर जाताना स्लो होतोय म्हणून त्वरण ऋण, मग खाली येताना फास्ट होतोय तरी ऋणच कसं? वरची दिशा धन धरली की दोन्ही वेळेला -9.8 येतं हे मला माहितीये हो, पण तिच्या डोक्यात ऋण म्हणजे स्लो हे फिट्ट बसलंय. वेग-काळ आलेख काढून दाखवू का? कोणी शिकवत असेल तर प्लीज सांगा, सोमवारी युनिट टेस्ट आहे.