फ्रेस्नोला जावं का? ऊन नव्हे, हवा बघा

विषय: फ्रेस्नोला राहायला जाण्याबद्दल सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये भाड्याच्या घरात राहतो. बायको बालरोगतज्ज्ञ आहे. याच राज्यातल्या फ्रेस्नोमधल्या एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली आहे आणि ऑगस्टअखेर त्यांना उत्तर कळवायचं आहे. माझं काम बहुतेक घरूनच चालतं, मधूनमधून ऑफिसला तोंड दाखवलं की पुरतं. मुलगा पाच वर्षांचा आहे. सर्दी झाली की त्याची छाती वाजते आणि कधीकधी इनहेलर द्यावा लागतो. बाबा दरवर्षी अकोल्याहून काही महिने येतात. त्यांना मधुमेह आहे.

जो भेटतो तो एकच सांगतो, "तिथे भयंकर ऊन असतं." मी अकोल्यात वाढलोय. वैशाखातल्या दुपारी वाळ्याच्या ताट्या लावून, कूलरसमोर बसून परीक्षांचा अभ्यास केलाय, त्यामुळे उन्हाचा मला धाक वाटत नाही. शिवाय इथे एका घराला जे पैसे पडतात, त्यात तिथे तीन घरं तरी येतील. बाबा आयुष्यभर शेतकरी. गावाबाहेर एक-दोन एकर असलेलं घर घेतलं तर त्यांचाही जीव रमेल असं मनात आहे.

तिकडे राहिलेल्या कोणी मोकळेपणाने लिहिलं तर फार बरं होईल.

अकोल्याचा, सध्या सनीव्हेल

---

उत्तर: फ्रेस्नोला राहायला जाण्याबद्दल सल्ला हवा

नमस्कार,

माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करतेय. मी क्लोव्हिसला राहते, म्हणजे फ्रेस्नोला लागूनच. निवृत्त होईपर्यंत श्वसनविकारांच्या विभागात काम करत होते. त्यामुळे तुझ्या पत्रातलं मुलाच्या छातीचं वाक्य वाचलं आणि बाकीचं सगळं त्याच्या मागे गेलं.

आधी उन्हाचं सांगते. नुसत्या आकड्यांनी पाहिलं तर अकोलाच जास्त तापतं. फ्रेस्नोत जुलैचं सरासरी कमाल तापमान ९८ फॅरेनहाइटच्या आसपास, म्हणजे साधारण ३७ सेल्सियस. १०० च्या वरचे दिवसही भरपूर असतात, २०२१ मध्ये तर असे ६९ दिवस झाले. हवा कोरडी असल्यामुळे मुंबईसारखी चिकचिक होत नाही. पण आपल्याकडच्या आणि इथल्या उन्हाळ्यात एक मोठा फरक आहे. अकोल्यात वैशाख कितीही पोळला तरी मृग कधी लागतो याकडे डोळे लावून बसता येतं. पहिला पाऊस पडला की सगळ्यांचे चेहरे बदलतात. इथे आपला मृग लागतो त्या सुमारास उन्हाळा खरा जोर धरतो आणि सप्टेंबर संपत आला तरी हटत नाही. मधे एक सर येत नाही. वर्षाला सगळा मिळून ११ इंचांच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा हिवाळ्यात. हे लांबलेपण मनाला जड जातं, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. सकाळी नऊपर्यंत बाग, मग संध्याकाळ होईपर्यंत घर किंवा पोहण्याचा तलाव, असं वेळापत्रक बांधावं लागतं. ते जमतं. लोक राहतात, मुलं छान वाढतात. उन्हासाठी नको म्हणू नकोस.

विचार करायचा तो हवेचा. फ्रेस्नो ज्यात आहे ते सॅन वाकिन खोरं म्हणजे उंच काठाची परात आहे. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनाऱ्याचे डोंगर, दक्षिणेला तेहाचापीची रांग. आत जे तयार होतं ते बाहेर जायला वाट नाही, आणि वरून उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. ९९ नंबरच्या महामार्गावरचे ट्रक, शेतातली धूळ आणि यंत्रं, गोठे, शेकोट्यांचा धूर, सगळं खाली अडकतं. अमेरिकन लंग असोसिएशनच्या दरवर्षीच्या यादीत सर्वांत वाईट हवेच्या शहरांत बेकर्सफील्ड, फ्रेस्नो आणि व्हिसेलिया वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतात.

आणि हवा बाराही महिने एकाच तऱ्हेने वाईट नसते. उन्हाळ्यात त्रास जमिनीलगतच्या ओझोन वायूचा. तो सूर्यप्रकाशात तयार होतो, म्हणून दुपारी उशिरा आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो. सकाळ स्वच्छ मिळते. हिवाळ्यात त्रास बारीक कणांचा, ज्याला पीएम २.५ म्हणतात. तो संध्याकाळी आणि रात्री साचतो. त्यात ऑगस्टपासून बदामाची काढणी सुरू होते. यंत्राने झाड गदागदा हलवून बदाम जमिनीवर पाडतात, काही दिवस वाळू देतात आणि मग झाडून गोळा करतात. त्या दिवसांत बागांच्या बाजूने गाडी नेली तर धुळीचे लोट दिसतात. वणव्याचं वर्ष असेल तर त्यावर धुराची भर. ४ सप्टेंबर २०२० ला इथल्या डोंगरात क्रीक फायर पेटली, पावणेचार लाख एकरांहून जास्त रान जळलं. तेव्हा आमच्याकडे भरदुपारी आकाश नारिंगी होतं आणि खिडक्या उघडायची सोय नव्हती.

छाती वाजणारं प्रत्येक मूल इथे आजारी पडतं असं मुळीच नाही. पण ज्यांची वाजते त्यांच्या आयांना मी हातात इनहेलर घेऊन रात्री दोन वाजता आलेलं खूप पाहिलंय. म्हणून आधी मुलाच्या फुप्फुसांची नीट तपासणी करून घ्या. त्याचा त्रास फक्त सर्दीपुरता आहे की दम्याकडे चाललाय, हे कळल्याशिवाय घराच्या किमतींचा हिशोब मांडू नका. यायचं ठरलंच, तर घरातल्या वातानुकूलनाला बारीक कण अडवणारा मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर बसतो का ते विचारा, मुलाच्या खोलीत हवा गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र ठेवा, आणि शाळा वाईट हवेच्या दिवशी मुलांना मैदानावर सोडते का, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा.

बाबांसाठी आणखी एक गोष्ट. इथल्या मातीत एक बुरशी असते. तिचे कण धुळीबरोबर श्वासात गेले की व्हॅली फीव्हर होतो. बहुतेकांना काही जाणवत नाही किंवा फ्लूसारखं होऊन जातं, पण मधुमेह असलेल्यांना फुप्फुसाचा गंभीर आजार होण्याचा धोका जास्त. केर्न, किंग्ज आणि फ्रेस्नो काउंटीचा पश्चिम भाग इथे त्याचं प्रमाण अधिक आहे. इथून परत गेल्यावर अकोल्यात त्यांना आठवडेच्या आठवडे खोकला आणि थकवा राहिला, तर तिथल्या डॉक्टरांना हे नाव सुचण्याची शक्यता कमी. तुम्हीच सांगायला हवं. साध्या प्रतिजैविकांनी हा आजार हटत नाही, त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते.

हिवाळ्यात इथे दाट धुकं पडतं, त्याला 'टुली फॉग' म्हणतात. पूर्वीपेक्षा कमी झालंय, तरी एखाद्या सकाळी समोरचं घर दिसत नाही. शाळांच्या बस उशिरा निघतात, त्याचं वेळापत्रकच ठरलेलं असतं. नोव्हेंबर २००७ मध्ये फ्रेस्नोच्या दक्षिणेला ९९ वर अशाच धुक्यात शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. तुला ऑफिसला जायचं असेल तर धुक्याच्या दिवशी पहाटे निघू नकोस. सॅन होजे एरवीही अडीच-तीन तासांवर आहे.

वीज महाग पडते. दुपारी ४ ते रात्री ९ हा दर सर्वांत चढा, आणि नेमक्या त्याच वेळी घर तापलेलं असतं. घर बघताना पश्चिमेच्या खिडक्या मोजा, माळ्यावर उष्णतारोधक थर किती जाड आहे ते बघा, वातानुकूलन यंत्राचं वय विचारा. छतावर सौर पॅनेल असतील तर ते मालकीचे की भाड्याचे, हे कागदावर बघा. एप्रिल २०२३ नंतर नवे पॅनेल बसवणाऱ्यांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला पूर्वीपेक्षा बराच कमी मिळतो, त्यामुळे बॅटरीशिवाय गणित बसत नाही.

चांगलंही खूप आहे, आणि ते मनापासून सांगते. फेब्रुवारीच्या मध्याला बदाम फुलतो तेव्हा मैलोन् मैल पांढरं होतं. योसेमिटीचं दक्षिण दार दीड तासावर. जून-जुलैत पीच आणि प्लम शेतावरून आणावेत. सेल्मा, कर्मन, कारुथर्सकडे पंजाबी शेतकरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत, भाजीपाला आणि किराण्याची अडचण नाही. मराठी घरं मोजकी, म्हणून एकमेकांना धरून असतात. शाळांसाठी क्लोव्हिस युनिफाइड या शाळा-जिल्ह्याचं नाव आहे, आणि फ्रेस्नोचा पत्ता असलेली बरीच घरंही त्या हद्दीत येतात. घराच्या पत्त्यावरून खात्री करा.

एकदा ऑगस्टमध्ये येऊन जा, मुलाला घेऊन. दुपारी येऊन संध्याकाळी परतू नका, काही रात्री राहा. आमच्याकडेच उतरा.

क्लोव्हिसची काकू

---

उत्तर: फ्रेस्नोला राहायला जाण्याबद्दल सल्ला हवा

नमस्कार,

काकूंनी हवेचं लिहिलंय, मी पाण्याचं लिहितो. मी मडेराला सिंचनाच्या कामात आहे. दोन एकराचा विचार वाचला आणि राहवलं नाही.

शहरातल्या घराला नळाचं पाणी येतं. फ्रेस्नोला किंग्ज आणि सॅन वाकिन या नद्यांचं पाणी मिळतं, जोडीला भूजल आहे. गावाबाहेरचं घर मात्र बहुधा स्वतःच्या बोअरवर असतं. या खोऱ्यात शतकभर इतका उपसा झालाय की मेंडोटाजवळ १९२५ ते १९७७ या काळात जमीन जवळजवळ ९ मीटर खचली. मागच्या दशकातल्या दुष्काळात टुलारे काउंटीत ईस्ट पोर्टरव्हिलला घरोघरचे बोअर आटले आणि लोकांना टाक्यांतून पाणी घ्यावं लागलं. शेजारच्या मोठ्या बागेने आणखी खोल बोअर मारला की आपला उथळ बोअर कोरडा पडतो. अकोल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०१४ साली भूजलाचा कायदा झाला. २०४० च्या सुमारास उपसा आणि भरणा यांचा मेळ घालायचा आहे, म्हणजे काही जमिनी पडीक राहणार. पडीक जमीन म्हणजे पुन्हा धूळ. तेव्हा असं घर घेताना बोअरची खोली, पाण्याची पातळी, पंप कुठे बसवलाय, हे सगळं लेखी मागा. पाण्यात नायट्रेट किती आहे ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या, खतांमुळे इथे ते बऱ्याच विहिरींत जास्त असतं. ते उकळून जात नाही.

माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं शहरातच राहा. बाबांना परसात भेंडी, वांगी, मिरची लावू द्या. इथली जमीन आणि ऊन दोन्ही भाजीला मानवतं.

मडेराहून, तुमचा एक दादा

---

उत्तर: फ्रेस्नोला राहायला जाण्याबद्दल सल्ला हवा

काकू, दादा,

नवऱ्याने पत्र लिहिलं, पण नोकरी माझी आहे, म्हणून मीही लिहिते.

काकू, तुमचं पत्र मी रात्री पुन्हा वाचलं. मुलाची फुप्फुसांची तपासणी ठरवली आहे. पाच वर्षांच्या मुलाकडून ती नीट करून घेणं अवघड असतं, पण प्रयत्न करू, आणि ॲलर्जीच्या तपासण्याही त्यासोबत करू. अहवालात दमा निघाला तर मी नाही म्हणेन. हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं, म्हणजे नंतर घराच्या मोहाने मन डळमळायला नको.

पण मला जावंसं का वाटतं तेही सांगायला हवं. या खोऱ्यात लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर कमी आहेत. मुलाखतीच्या दिवशी मी बाह्यरुग्ण विभागात बसले होते. द्राक्षं तोडणाऱ्या कुटुंबातली मुलं होती, काही आया तासभर गाडी चालवून आल्या होत्या. तुम्ही माझ्या मुलासाठी ज्या हवेची काळजी करताय, तीच हवा ती मुलं रोज घेतात, आणि त्यांच्या घरात फिल्टर नाही. सनीव्हेलमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी नसले तर दुसरा डॉक्टर आठवड्याभरात मिळतो. माझ्या मुलाची छाती आणि त्या मुलांची छाती, दोन्ही माझ्या मनात आहेत, आणि मला यातली कुठलीच बाजू हलकी धरायची नाही.

दादा, दोन एकराचा बेत सध्या बाजूला ठेवलाय. बाबांना फोनवर बोअरचं सांगितलं तर तेच म्हणाले, "पाण्याची खात्री नसेल तर जमीन घ्यायचीच नाही."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं येतोय. काकू, चार रात्री तुमच्याकडे राहिलो तर चालेल का? मुलाचा 'पीक फ्लो', म्हणजे जोरात श्वास सोडण्याचा वेग, मी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवणार आहे. तुमच्या भागातल्या हवेचे तासातासाचे आकडे कुठल्या केंद्राचे धरायचे, आणि क्लोव्हिस युनिफाइडच्या हद्दीत भाड्याने घर देणारं कोणी विश्वासाचं आहे का, एवढं कळवा. नोकरी घेतली तरी पहिलं वर्ष भाड्यानेच राहायचं, इतकं पक्कं आहे.

सनीव्हेलहून