फोन उचलल्यावर पहिला प्रश्न
रस्त्यात गाडी बंद पडलेल्यांचे फोन घेणाऱ्या मदत केंद्रात आधी गाडीचा नंबर आणि विमा पॉलिसीचा नंबर विचारावा, म्हणजे नोंद लवकर होते, असं एकांनी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. आधी विचारायचं, 'तुम्ही सुरक्षित आहात ना? गाडीत आहात की बाहेर?' हायवेवर बंद पडलेल्या गाडीला मागून धडक बसण्याची भीती मोठी. म्हणून हजार्ड लाइट लावायला सांगायचे, रहदारी नसलेल्या बाजूच्या दारातून सगळ्यांना उतरवायचं, जमल्यास कठड्यापलीकडे उभं करायचं. धूर येतोय, कुणाला लागलंय किंवा गाडी लेनच्या मधोमध अडकलीय, तर आधी पोलीस नाहीतर रुग्णवाहिका. बंद गाडी ओढून नेणारा टो ट्रक नंतर.

खरं कसब ठिकाण काढण्यात आहे. घाबरलेला माणूस 'पुलाच्या थोडं पुढे' एवढंच सांगतो. उभ्या जागेवरून किलोमीटरचा दगड दिसतोय का ते विचारा, लोकेशन पाठवायला सांगा, आणि कुठून कुठे निघाला होतात हे विचारायला विसरू नका. दुभाजकाच्या रस्त्यावर बाजू चुकली, तर गाडी समोर दिसत असूनही ट्रकला पुढच्या वळणापर्यंत जाऊन यावं लागतं. मोबाइलची बॅटरीही विचारा. कमी असेल तर 'आम्हीच फोन करतो' म्हणून लगेच ठेवा. पॉलिसी नंबर ट्रक निघाल्यावरही घेता येतो.